माझ्या आईचा पू

नांदेडच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करते. रोज परक्या माणसांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायची. एका दुपारी भाऊ उमरीहून रेल्वेनं आईला घेऊन आला. तिच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. सोडलं तर आत हळद भरलेली जखम, करंगळीशेजारचं बोट काळंनिळं.

"माय, कधी झालं हे?"

"झाले आठ-दहा दिस. तुरीचं धसकट घुसलं. दुखतच न्हाई, मग सांगू काय?"

दुखत नाही, हे ऐकून मी चरकले; साखर फार दिवस वाढलेली असली की पायाची जाणीव जाते. तिची साखर तपासली. आकडा बघून मला माझीच लाज वाटली. गावोगावच्या लोकांची साखर मी मोजत होते. आईची कधीच मोजली नव्हती.

डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला सांगितला. तो माझ्याकडेच आला. मी काचेवर पसरला, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली धरला. जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसले, ते जंतू. त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी, रंगामुळं गुलाबी झालेल्या. काहींच्या पोटात जांभळे ठिपके होते. जंतूला चहूबाजूंनी वेढून त्यांनी गिळलं होतं. पण बऱ्याच पेशी फाटून विखुरल्या होत्या. हे मी हजार वेळा पाहिलंय. आईच्या पायातलं मात्र पहिल्यांदाच.

आईला खुर्चीवर बसवून दाखवलं. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत राहिल्या. मग म्हणाली, "हे जांभळं काय हाय?"

"जंतू. अन् ज्यांच्या पोटात ते हायेत, ती आपली माणसं. ती जंतूंना खातात अन् बऱ्याचदा स्वतःबी मरतात. पू म्हणजे त्यांचाच खच."

"अगं बाई! अन् मी रोज पिळून फेकून राहिले."

"फेकायलाच पाहिजे. पण साखर वाढली की ही आपली माणसं सुस्त होतात. वेळेवर पोचत न्हाईत, पोचली तर जंतू नीट गिळत न्हाईत."

ती हळूच म्हणाली, "मंग माझ्याच्यानंच मेले म्हन की ते."

"माझ्याच्यानंबी," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

ते बोट वाचलं नाही; काढावं लागलं. पाय मात्र वाचला. जखम भरायला दोन महिने लागले. तेवढे दिवस ती माझ्याकडं राहिली. इन्सुलिनची सुई स्वतः टोचायला शिकली, चहातली साखर सोडताना आठवडाभर माझ्याशी भांडली.

गावी जाताना भावानं तिला कापडी बूट घेतले. लुगड्यावर बूट घालायला ती लई लाजली. शेतात बाया हसल्या म्हणे. पण ती रोज घालते, अन् संध्याकाळी तळपाय आरशात बघून मला फोन करते.