नव्या नवारीचा पट्टा

दसरा झाला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. वडवणीच्या फाट्यावर ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात आणि मी नुसती घरात-बाहेर, बाहेर-घरात करत राहते. आमचे मालक म्हणतात, बस की जरा, पायाला भिंगरी लागलीय का. लागलीय, काय करू!

आमची बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था होती. दुष्काळ पडला तसं ब्लाऊज शिवायला कुणी येईना. पोटाला नाही तिथं अंगाला कुठून? मशिनी धूळ खात पडल्या. विहिरी मात्र जो तो खोल करत सुटलेला. आत उतरणारी माणसं कमरेला नुसता दोर बांधायची आणि दोर कातडी सोलून काढायचा. मग मीच खाटेची नवार दुहेरी करून, लोखंडी कडी घालून पट्टा शिवला. चेअरमनबाई म्हणाल्या, हे काय बैलाचं सामान करत बसलीस. पण महिनाभरात मशिनी त्याच सामानावर चालायला लागल्या.

लेकरांचा पट्टा सुचला तो बहिणीमुळं. ती माझ्यापेक्षा धाकटी, धारूरच्या डोंगराकडं दिलेली. नवरा-बायको दोघं तोडीला जायची. आई फडात ऊस तोडते तेव्हा रांगतं लेकरू जुन्या लुगड्याच्या धांदोटीनं झोपडीच्या मेढीला बांधून ठेवायचं, हीच तिथली रीत. धांदोटी सुटली की लेकरू सरळ गाड्यांच्या वाटेवर. माझी भाची तेव्हा सव्वा वर्षाची, एका जागी ठरेल तर शपथ. तिच्यासाठी मी लहान पट्टा शिवला. खांद्यावरनं दोन पट्ट्या आणि बक्कल पाठीवर, म्हणजे पोरीचा हात पोचू नये. तो बघून टोळीतल्या बाकीच्या बायांनीही मागितले. मोठ्यांच्या पट्ट्यांपेक्षा लेकरांचेच जास्त शिवायला लागलो आम्ही.

टोळी गेली आणि मी तळमळत दिवस काढले. माघात निरोप आला, भाचीच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. जीव वाचला, पाऊल कामातून गेलं. मी आधी माझ्या शिवणीलाच शिव्या घातल्या. बक्कल तुटलं असणार, नाहीतर टाका उसवला असणार. संस्थेत उरलेले सगळे पट्टे खांबाला बांधून अंगातलं बळ लावून ओढले. एक तुटेल तर ना!

पाडव्याला बहीण आली, पोर कडेवर. तिनं ट्रंक उघडली आणि लुगड्याच्या घडीतनं पट्टा काढून माझ्यापुढं ठेवला. कोरा करकरीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. मी पिसाळलेच. का घातला न्हाईस म्हणून तोंडाला येईल ते बोलले. ती खाली बघत म्हणाली,

"आक्का, देताना तूच म्हणलीस, नवा हाय, जपून ठेव. मातीत खराब हुईल म्हणून ठिवलता."

म्हणाले होते मी. सवयीनं. नवी वस्तू हातात दिली की आपल्याकडं म्हणतातच तसं, आणि ऐकणारी ती ट्रंकेत घालते. आग लागो माझ्या तोंडाला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले. तयार पट्ट्यांचा ढीग अंगणात टाकला आणि त्याच्यावर नाचले. माती, शेण, गाडीचं काळं वंगण, हाताला लागलं ते फासलं. चेअरमनबाई चिडल्या, चांगल्या मालाची नासाडी करतेस म्हणाल्या. करते म्हणलं, काय करायचं ते करा.

त्या सालापासून एकही पट्टा मी कुणाच्या हातात दिला नाही. फाट्यावर जाते, लेकराच्या अंगात स्वतः घालते, बक्कल दोनदा ओढून बघते. तरी गाडी हलली की वळणापर्यंत तिच्या मागं चालत जाते.

भाची आता मोठी झाली. लंगडत येते, माझ्या शेजारच्या मशिनीवर बसते, लई सुबक शिवते. परवा तिनं खाली बघत बघतच विचारलं, मावशी, माझा पट्टा मजबूत होता का गं?

लई मजबूत होता, म्हणाले. मग माझ्यानं तिच्याकडं बघवेना.