तारा पुसल्या, साळुंक्या राहिल्या

हार्ड डिस्क भरली की आम्ही फोटो डिलीट करतो. किस्से मात्र कोणीच डिलीट करत नाही. शिवाय फोटो निघतो क्षणात. किस्सा घडतो तो नंतर, एडिटिंगला बसल्यावर! त्यामुळे आमच्याकडे धड फोटो कमी आणि किस्से फार.

आम्ही चौघं. अमरावतीत बँकेत काम करणारा मी, अकोल्याचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर गावंडे सर, अचलपुरात गाद्यांचं दुकान असलेले वसीमभाई आणि अमरावतीच्याच शोभाताई. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पोट कोणाचंच फोटोवर नाही. रविवारी पहाटे कुठंतरी फोटो काढायचे आणि दुपारी ताईंच्या हॉलमध्ये पडदे ओढून, लॅपटॉप टीव्हीला जोडून बसायचं. चहा भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, करतात.

*

एकदा थंडीत अकोटकडे कपाशीच्या शेतात गेलो होतो. धुकं असं, की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. दुपारी गावंडे सरांनी तो फोटो उघडला आणि धुकं कमी करायची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. कपाशी लख्ख! बोंडं मोजून घ्या!

"सर," मी म्हटलं, "ज्याच्यासाठी चार वाजता उठलो, तेच पुसलं तुमी!"

सरांनी ती पट्टी अगदी हळूहळू मागे आणली. टीव्हीवर धुकं परत यायला लागलं. आधी बांधावरची बाभूळ गेली, मग कपाशी, मग वाट. शोभाताईंनी तर अंगावरची शाल ओढून घेतली, खरंच!

मग वसीमभाई हळूच म्हणाले, "सर, और एक बार सुबह करो ना!"

त्या दुपारी तीनदा सकाळ झाली.

*

वसीमभाईंना विजेच्या तारांचा भारी राग. फोटोत तार दिसली की पुसलीच! अचलपुरातल्या त्यांच्या गल्लीचा एक फोटो त्यांनी घरी दाखवला, तर भाभी घाबरून म्हणाल्या, "अजी, अपनी लाइन कब कटी?"

एकदा मात्र मजा झाली. त्यांनी नेहमीसारख्या तारा पुसल्या, पण तारेवर सहा साळुंक्या बसलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. भर आभाळात, रांगेत, कशावरच नाही! एक तर मान वळवून शेजारणीशी बोलत होती.

मी म्हटलं, "वसीमभाई, आता त्यांनाही पुसा."

ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "रहने दो भाऊ. उनको अभी मालूम नहीं पडा!"

*

गावंडे सरांनी धामणगाव रेल्वे या गावाचा एक फोटो काढला होता. आभाळ अगदी कोरं, म्हणून सरांनी त्यात दुसरीकडचे काळेभोर ढग आणून बसवले आणि स्टेटसला टाकला: 'आज सकाळी, धामणगाव.'

त्यांचे साडू त्या दिवशी अकोल्याला आले होते आणि घरी धामणगावात गच्चीवर तूर वाळत होती. स्टेटस पाहून त्यांनी घरी फोन केला, कोणाचं काही न ऐकता सगळी तूर भरायला लावली, वर ताडपत्री! आणि मग सरांना फोन केला, "लई मोठं आभाळ आलं म्हन्ते?"

सरांनी खरं काय ते सांगितलं.

"मंग तुमी आधी ते ढग काढा," साडू म्हणाले. "मी तूर पसराले सांगतो!"

*

हा माझा. नदीकाठच्या एका गावात मी तुकारामकाकांचा फोटो काढला. वय सत्तरच्या पुढं. घरी बसून मी सुरकुत्या जरा कमी केल्या, आणि जरा जरा करता फारच कमी झाल्या. तसाच प्रिंट काढून त्यांना नेऊन दिला.

काका फोटो पाहून उभेच राहिले. मग आत हाक मारली, "अवं, पाह्य वं! लक्ष्मण आला!"

लक्ष्मण हा त्यांचा धाकटा भाऊ, ऐन तरुणपणी गेलेला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. काकू पदर सावरत आल्या, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "तेच नाक. त्यांले बसा म्हना."

मी माफी मागणार, तेवढ्यात काकांनी फोटो खिळ्याला अडकवला आणि मला म्हणाले, "हा लक्ष्मणचा झाला. आता माया फोटो कवा आनता?"

*

शोभाताईंचे फोटो म्हणजे निळे. डोंगर निळा, तळं निळं, म्हशीसुद्धा थोड्या निळ्या! आम्ही म्हणायचो, ताईंची ती स्टाइल आहे. त्यासाठी त्यांना एकदा बक्षीसही मिळालं होतं.

मागच्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं महिन्याभरात व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसत होतं. म्हणजे ताई इतकी वर्षं फोटोतला तो पिवळटपणा मारायला निळा वाढवत होत्या!

त्यांचा फोन आला. "सारे फोटो चुकले माये. दिसून राहिलं आता मले. रविवारी या, सारे परत करू."

रविवारी आम्ही गेलो. ताई आतून हॉलमध्ये आल्या आणि दारातच थांबल्या. ऑपरेशननंतर त्या आतल्या खोलीतच असायच्या; हॉलमध्ये आजच आल्या, आणि पडदे उघडे होते.

"अहो, ह्या भिंती निळ्या कवा केल्या?"

भाऊजी चहाचा ट्रे घेऊन उभे. "चार वर्सं झाले. तू पोरीकडं गेली होती, तवा."

"मी तं पांढऱ्या समजून राहिली! निळा काहून देला?"

"तुया फोटोत सारं निळंच असे," भाऊजी म्हणाले. "मले वाटलं, तुले आवडते."

ताई खुर्चीवर बसल्या. नव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्यांनी भिंत पाहिली. मग जुन्या डोळ्यावर ठेवून पाहिली. मग भाऊजींना पाहिलं, तसंच, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. लॅपटॉप उघडलेला होता. आम्ही वाट पाहत होतो.

त्यांनी तो मिटला.

"डॉक्टरांले फोन करा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डोळ्याची घाई नाही म्हना."