बियाण्याच्या गोगलगायी

आमच्या घरी, भिवापूरला, मिरचीचं बियाणं धरायची साधी रीत आहे. तोड्यातल्या सगळ्यांत भरलेल्या, रंगदार मिरच्या बाजूला काढायच्या आणि त्यांचंच बी पुढच्या साली पेरायचं. एवढ्या भांडवलावर मी नागपुरात प्राणिशास्त्राची पीएचडी करायला निघालो होतो.

विषय होता तळ्यातल्या गोगलगायी आणि त्यांच्या अंगात वाढणारे चपटे कृमी, जे पुढे गुरांच्या यकृतात बिऱ्हाड करतात. प्रयोगाला निरोगी गोगलगायी हव्यात, म्हणजे प्रयोगशाळेतच अंड्यातून निघालेल्या. तळ्यातून आणलेलीच्या पोटात काय आहे, कोण सांगणार? मे महिन्यात काम तपासायला विद्यापीठाची समिती येणार होती. तोवर अंडी दिसली नाहीत तर नोंदणी रद्द, हे मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, दोनदा बजावलं होतं.

मार्चमध्ये गावच्या तळ्यातून, म्हशी बसतात त्या काठावरून, मी बादलीभर गोगलगायी आणल्या. घरच्या रीतीनं धष्टपुष्ट तेवढ्या काचेच्या टाकीत घातल्या. बारक्या फेकून द्यायला लॅबच्या काकांच्या हातात दिल्या.

"बारक्यायले काहून फेकून राहिले गा, डॉक्टरसाहेब?" काका म्हणाले. पदवी मिळायच्या आधीच मला डॉक्टर म्हणण्यात त्यांना विशेष आनंद होता.

"बियाणं मोठ्याचंच धरतात, काका."

"बरं बाप्पा. तुमी शिकलेले."

माझ्या निवडक गोगलगायी पालकाची जुडीच्या जुडी फस्त करायच्या आणि फुगत जायच्या. मी ज्युनियरांना बोलावून त्यांची तब्येत दाखवायचो. अंडी मात्र एक नाही. महिना गेला. मग माझ्या सुपीक डोक्यात आलं की बिचाऱ्यांना लाज वाटत असेल. गांधीबागेतून काळं कापड आणलं आणि टाकीला चारही बाजूंनी पडदा शिवला. गोगलगायींना एकांत देणारा विद्वान विदर्भात दुसरा झाला नसावा.

समितीला तीन दिवस उरले तेव्हा मॅडम आल्या.

"हा पडदा कशाला?"

मी कारण सांगितलं. त्यांनी पडदा सारून टाकीत पाहिलं. मग त्यांनी त्यातली सगळ्यांत दांडगी गोगलगाय उचलली, पाण्याच्या पेल्यात टाकली आणि पेला खिडकीतल्या उन्हात ठेवला. तासाभरात पाणी गढूळ दिसायला लागलं. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर शेपट्या हलवणाऱ्या पिल्लांची जत्रा! कृमींची पिल्लं उजेड पाहून बाहेर पडतात. मी महिनाभर त्यांना अंधारात झाकून ठेवलं होतं.

"पुस्तक उघडलं होतंस कधी?" मॅडम म्हणाल्या. "कृमी तिचे अंडी घालायचे अवयवच खाऊन टाकतात. अंड्यांवरचा खर्च वाचतो, म्हणून काही वेळा अशी गोगलगाय जास्तच वाढते. ती खाते, पण कृमींसाठी. हिला तू बियाणं म्हणून धरलंस?"

सगळ्याच तपासल्या. एकजात तशाच. आतून पोखरलेल्या, बाहेरून पहिलवान. आणि मी त्यांना पालक चारत होतो!

"तुझंही तेच झालंय," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "मेसचं खाऊन वाढतोयस, बाहेर काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी टेबल आवरत होतो. तळ्यावरून नव्या आणून त्यांची अंडी मिळवायला वेळच नव्हता. इतक्यात कूलर बंद पडला. पंपात काहीतरी अडकलं म्हणून काकांनी त्याची जाळी काढली आणि मला हाक मारली.

"डॉक्टरसाहेब, हा चिकट शेंबूड कायचा होय?"

कूलरच्या टाकीला आतून शेवाळ धरलं होतं आणि त्यावर जेलीच्या पारदर्शक पट्ट्या चिकटलेल्या. पट्ट्यांत बारीक ठिपके. अंडी! शेजारी माझ्या त्या फेकलेल्या बारक्या गोगलगायी, आता चांगल्या वयात आलेल्या.

"नालीत टाकाले जीव नाही झाला," काका म्हणाले. "इथं गार पाणी होतं, म्हणून सोडल्या."

मॅडमनी कूलरच्या टाकीतल्या एकेकीला पेल्यात घालून उन्हात ठेवून पाहिलं. पेले स्वच्छ राहिले.

समिती आली त्या दुपारी नागपूर तापलेलं होतं आणि आमचा कूलर बंद होता, कारण त्याच्या टाकीत माझी नोंदणी राहत होती. तिघे सदस्य रुमालानं मान पुसत वाकून अंडी पाहत होते. एकानं विचारलंच, "या जागेची निवड कशी केली?"

मी घसा खाकरला. दारात उभे असलेले काका माझ्याआधी बोलले, "साहेबानं फेकल्या होत्या जी."

मुदतवाढ मिळाली. शेऱ्यात मॅडमनी एकच ओळ लिहिली: गोगलगायींची निवड यापुढे काकांनी करावी.