बहिणीच्या खांद्यावरची थाप

शिट्टी वाजली की अजूनही माझं बोलणं अर्ध्यावर तुटतं. कंडक्टरची असो, शाळेची असो.

लोणारजवळच्या एका मैदानावर दरवर्षी छऱ्याच्या रायफलींची नेमबाजी स्पर्धा होते. फलकावर ‘सर्वांसाठी खुली’. त्या सर्वांत माझी धाकटी बहीण नव्हती, कारण तिला ऐकू येत नाही. मी पत्रक काढलं: मेहेरबानी नको, हक्क द्या. सुलतानपूरपासून हिवरा आश्रमापर्यंत गावोगाव वाटलं. स्पर्धा भरवणारं मंडळ नमलं, पण अट घालून. पाच छऱ्यांची वेळ संपली की थांबायची शिट्टी होते, सगळे रायफली खाली ठेवतात आणि फौजीकाका पुढे जाऊन कागद बदलतात. लष्करातून निवृत्त झालेला हा माणूस स्पर्धेचा पंच. तर शिट्टी झाली की बहिणीच्या खांद्यावर थाप मारायला कुणीतरी मैदानाला बांधलेल्या दोरीच्या आत, तिच्या मागे बसायचं. एक चूक झाली, की पुढच्या वर्षी तिच्यासारखं कुणीच नाही.

मागे बसणारा मी.

दुसऱ्या फेरीत मंडळाचे एक सदस्य माझ्या पाठीमागून हसत म्हणाले, “आता आंधळेही आणशीन काय बे?”

मी उठून त्यांच्याकडे गेलो. “आणीन. आवाजावर नेम धरायची बंदूक असते त्यायच्यासाठी. वाचत जा जरा.”

बोलत असतानाच शिट्टी झाली. ती मी ऐकली. ऐकली, आणि आधी वाक्य पुरं केलं.

वळलो तर काका बहिणीच्याच कागदाच्या कडेला, पाठमोरे. ती सतरंजीवर पालथी, गाल दस्त्याला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा नेमाच्या बारीक छिद्रात, त्यातून कागदाच्या मध्याशिवाय काही दिसत नाही, बोट घोड्यावर. ओरडलो असतो तर तिला ऐकू गेलं नसतं, काकांनी मात्र मागे वळून पाहिलं असतं. म्हणजे त्यांचे डोळे थेट नळीसमोर. धावत जाऊन हात लावला असता तर ती दचकली असती आणि बोट दाबलं गेलं असतं. इतकी पत्रकं लिहिलेला मी, जागचा हललो नाही. 

सगळ्यांना मिळून एकच लांब सतरंजी होती. शेजारचा मुलगा उठला तशी ती बहिणीच्या कोपराखाली सरकली. तिनं डावीकडे पाहिलं. खाली ठेवलेल्या रायफलींची रांग दिसली. बोट काढलं, नळी वाकवून रायफल उघडली, छर्रा बाहेर घेतला. मग मागे पाहिलं. माझी जागा रिकामी होती.

काका परत आले. तिच्या तळहातावरचा छर्रा बघून त्यांचा चेहरा उतरला.

“भरलेली होती?”

“हाव,” मी म्हटलं.

सदस्य लगेच पुढे. “म्हणूनच म्हणत होतो, बहिऱ्यायले...”

“तिले काऊन बोलता? शिट्टी मी ऐकली होती. भांडून राह्यलो होतो तुमच्याशी.”

काकांनी तिच्या तळहातावरचा छर्रा उचलून खिशात टाकला. “पोरगी खेळीन,” ते म्हणाले. “हा दोरीच्या भाईर. मांगं दुसरं कोणी बसवा.”

हिवरा आश्रमाकडची एक स्पर्धक बसली. मी दोरीबाहेर उभा. पुढच्या प्रत्येक शिट्टीला, त्या बाईंचा हात बहिणीच्या खांद्यावर पडेपर्यंत मी श्वास धरून होतो. दर वेळी पडला. बहिणीनं दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

यंदाही ती खेळते आहे. पत्रक मीच लिहिलं. दोरीच्या आत मात्र मी जात नाही.