अकरा कामांचा चाकू

श्रावणातल्या सोमवारी वडील म्हशीला घेऊन ओढ्यात उतरले. तिचे नायलॉनचे दावे त्यांनी मनगटाला गुंडाळले होते. म्हैस वाहून गेली आणि तिच्यामागे वडील गेले. मंगळवारी ओढ्याच्या वळणावर वाडीतल्या माणसांना ते सापडले. दावे मनगटालाच होते. करदोड्याला चाकू होता. त्याचे डबा उघडायचे पाते बाहेर होते.

तो चाकू मी आणून दिलेला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरावर. मी महाडच्या शाळेत शिकवत असे आणि खोली घेऊन तिथेच राहत असे. वडील कमरेमागे लाकडी आकडी बांधत आणि तिच्यात कोयती अडकवत. हात मागे गेला की मूठ हातात येई, वळून बघावे लागत नसे. पुढे त्यांची कंबर धरू लागली. कोयतीच्या वजनानेच दुखते, हे निदान माझे. डॉक्टरांना कोणी विचारले नव्हते.

महाडच्या बाजारात दुकानदाराने काचेवर दोन चाकू ठेवले. एकाला एकच रुंद पाते होते. पात्याला भोक होते. त्यात अंगठा घातला की ते एका हाताने उघडे आणि खटकन अडके. दुसरा अकरा कामांचा. साधे पाते, दातेरी पाते, करवत, कात्री, डबा उघडायचे पाते, बूच काढायचा मळसूत्री खिळा, पेचकस, टोच्या, कानस, चिमटा, दातकोरणी. मी दोन्ही आळीपाळीने बराच वेळ चाळत राहिलो.

"सर, घेणार आहात की परीक्षा घेताय त्यांची?" दुकानदार म्हणाला.

मी अकरा कामांचा घेतला. एका पात्याचा चाकू मला अपुरा वाटला.

घरी वडिलांपुढे धरला तर ते हात मागे घेऊन म्हणाले, "खाली ठेव. मी उचलतो. हत्यार हातात देत नाय."

"बाबा, हे कसलं हत्यार? धरा." मी तो त्यांच्या तळहातात दाबला.

त्यांनी एकेक पाते बाहेर काढून पाहिले. "ही काडी कशाला रे?"

"दात कोरायला."

"मंग आधी दात आण. माझं हायत कुठं?"

आई चुलीपाशी हसली. मी मात्र समजावत बसलो. साधे पाते फळाला, सालीला. दोराला दातेरी, कारण नायलॉनवर साधी धार घसरते. त्यांनी वर्गातल्या मुलासारखे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पर याला नख लागतं. माझी नखं कामानं झिजली."

"सांध्यात तेल सोडा, सैल होईल."

एवढेच मी बोललो. त्यांच्या बोटांकडे पाहिलेसुद्धा नाही.

मुलाने आणलेली वस्तू घरात ठेवून जाणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी चाकूच्या कडीत दोरी ओवून तो करदोड्याला बांधला. भेटेल त्याला सांगत, "आमच्या मास्तरानं आणलाय." कोयती पडवीतल्या खुंटीला गेली. कान कोरायला काढत ती दातकोरणी सोडली तर त्यांनी त्यातले काही वापरल्याचे मला आठवत नाही.

दिवसकार्य उरकून मी महाडला परतलो आणि त्याच दुकानातून तसलाच दुसरा चाकू आणला. "आवडला वाटतं, सर," दुकानदार म्हणाला. मी मान हलवली.

खोलीत खिडकीच्या गजाला तसलेच दावे बांधून, हात बादलीत बुडवून मी पाती उघडत असे. दातेरी पात्याने ओले नायलॉन दोन ओढीत तुटे. म्हणजे माझे म्हणणे खरे होते, आणि त्या खरेपणाचा मला संताप येई. साध्या पात्याला चार-पाच ओढी लागत. करवतीत धागे अडकत. पण आधी पाते बाहेर यायला हवे ना! दातेरी पाते आणि डबा उघडायचे पाते शेजारीशेजारी, दोघांनाही नखासाठी सारखीच खाच. डोळे मिटून, एका हाताने, ओल्या बोटांनी मी कितीदा उघडून पाहिले. निम्म्या वेळा चुकीचेच बाहेर येई. माझी नखे तर शाबूत होती. ज्याने हा चाकू घडवला त्याला कधी घाईत काही कापावे लागले होते की नाही, कोण जाणे. आमच्या घरात तर डबाबंद असे काही कधी आलेलेच नव्हते.

पुढे वाडीला गेलो तेव्हा आईला मी नखाचे, खाचेचे सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सुपातून डोळे न उचलता म्हणाली, "हातात दिलास तू. खाली ठेवायचास."

मला राग आला. खाली ठेवला असता तर खाच बदलली असती का, असे मी विचारणार होतो. मग आठवले की त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला होता आणि मी चाकू घ्यायला लावला होता.

दुसरा चाकू मी देऊन टाकला, तोही खाली ठेवून. कोयती आईकडे आहे. आई तिने लाकडे फोडते. वडिलांचा चाकू माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचे ते पाते मी मिटलेले नाही, त्यामुळे खण पुरता लागत नाही.