सुंदरबाईचा फलाट

वाशीमच्या लाईनीवर धामणदरी नावाचा एक थांबा होता. स्टेशन म्हणावं असं तिथं काही नव्हतं. पत्र्याची एक खोली, एक कडुनिंब आणि नावाची पाटी. फलाटसुद्धा नव्हता, उतारू डब्याच्या पायरीवरून थेट खडीत उडी मारत. तरी गाडी तिथं थांबायची ती विमानामुळं. मैलभरावरचा माळ सपाट करून, मुरूम ठोकून सरकारनं विमान उतरायची पट्टी केली होती. आठवड्यातून एकदा नागपूरहून लहानसं विमान यायचं. त्याला लागणारं पेट्रोल मात्र रेल्वेनं पत्र्याच्या डब्यांतून यायचं, आणि थांब्यावरून पट्टीपर्यंत ते बैलगाडीतून न्यावं लागायचं.

पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुतल्या की सगळंच अडायचं. एकदा असंच अडलं, तेव्हा जवळच्या बंजारा तांड्यातली सुंदरबाई पुढं झाली आणि पट्टीवरच्या ओव्हरसियरला म्हणाली, "डोक्यावर नेतो आमी."

सुंदरबाई म्हणजे रेल्वेचे रूळ ठोकणाऱ्या गँगमध्ये काम करणाऱ्या रतनसिंगची बायको. उंचीपुरी, कोपरापर्यंत बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या, आरसे लावलेला घेरदार फेटिया घागरा, आणि हसली की थांब्याच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं असं हसणं. गाडीवानांचे पुढारी मारोतराव मधे पडले.

"बायाइच्या डोक्यावर पेट्रोल? उद्या पेटलं तं कोन जबाबदार?"

"तुमच्या गाडीवानाच्या तोंडात बिडी असते, मालक," सुंदरबाई म्हणाली. "आमच्या तोंडात गानं असते."

सगळे हसले. मारोतरावांना ते लागलं. ओव्हरसियरनं तोडगा काढला, पावसाळ्यात बायका, उघडीप झाली की गाड्या. त्या दिवसापासून मारोतराव तिच्याशी बोलेनासे झाले.

सत्तावन्न सालच्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळपासून झड लागली होती, मधेच थोडी उघडीप. विमान येऊन पट्टीवर उभं होतं आणि ढग पुन्हा दाटायच्या आत परत निघणार होतं. तेवढ्यात वाशीमकडची गाडी थांब्यावर आली. डब्याच्या दारात एक तरणा माणूस घाबराघुबरा उभा राहिला आणि हाका मारू लागला. तो केनवडचा इंद्रभान. आत बाकड्यावर त्याची बायको विजयमाला पडली होती. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं आलेलं. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, इथं हे होणार नाही, नागपूरला न्या. रेल्वेनं वेळेत पोचणार नाही, आज विमान आहे तेवढं गाठा.

तिला खाली उतरवायचं म्हणजे दिव्य. डबा उंच, खाली ओली खडी. सुंदरबाई दाराखाली उभी राहिली, हात वर केले आणि त्या पोरीला लेकरासारखं अंगावर घेतलं. उतरताना विजयमालानं फोडलेली किंकाळी थांब्यावरचा कोणी विसरला नाही.

"गाडी?" इंद्रभाननं विचारलं.

"गाड्या नाल्यात रुतून हायेत," रतनसिंग म्हणाला. त्यानं गँगच्या झोपडीतली खाट आणली आणि विजयमालाला तिच्यावर निजवलं. सुंदरबाई, तिची जाऊ ललिताबाई आणि तांड्यातल्या आणखी दोघी खाटेला लागल्या.

"पन इमान थांबंन का?" ललिताबाई म्हणाली. पट्टीकडून इंजिनाचा आवाज येऊ लागला होता.

रतनसिंगनं क्षणभर तिकडं पाहिलं. मग कामावरची लाल झेंडी उचलली आणि पिकातून पट्टीकडं धावत सुटला.

बायका खाट घेऊन मागून निघाल्या, सोबत इंद्रभान. चिखल पोटरीपर्यंत. नाल्यावर आल्या तर पाणी कमरेला लागलेलं, गढूळ, ओढ असलेलं. मधोमध मारोतरावांची गाडी चाकापर्यंत रुतलेली आणि मारोतराव बैलांशी झटत होते.

"डोक्यावर घ्या व!" सुंदरबाई म्हणाली. चौघींनी खाट उचलून डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय घातला.

मारोतरावांनी पाहिलं. बैलांचा कासरा सोडला आणि ते पाणी कापत आले. खाटेच्या पुढच्या पायाला हात घालून म्हणाले, "इकडून खड्डा हाय. माह्या मागं मागं पाय टाका."

पलीकडं चढल्यावर त्यांनी खाट सोडली नाही. पट्टी दिसली तेव्हा विमान टोकाला जाऊन वळलं होतं आणि पंखा गरगरत होता. पट्टीच्या मधोमध रतनसिंग उभा होता. दोन्ही हातांनी लाल झेंडी हलवत होता, जशी उखडलेल्या रुळापुढं हलवावी तशी. विमान त्याच्या दिशेनं थोडं सरकलं आणि थांबलं.

वैमानिक उतरला तो तावातावानंच. खाट पाहिली आणि त्याचा राग गळून पडला. "पेशंट आणि सोबत एक माणूस," तो म्हणाला. "जास्त वजन नाही चालणार."

इंद्रभान पुढं झाला. पण विजयमालानं सुंदरबाईचा हात धरला होता तो सुटेना.

"मले सोडू नका व, बाई."

इंद्रभाननं दोघींकडं पाहिलं. "जा माय तुमी," तो म्हणाला. "मी गाडीनं येतो."

सुंदरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रतनसिंगला धाप लागली होती. "जाय!" एवढंच तो बोलला.

चिखलानं भरलेल्या पायांनी, भिजल्या फेटियानं सुंदरबाई विमानात चढली. विमान उडालं तेव्हा खाली बायका ओरडत होत्या, नाचत होत्या. मारोतराव डोक्याचं पागोटं काढून हलवत होते.

नागपूरला ऑपरेशन झालं. मुलगी झाली, धडधाकट, आणि रडली ती वॉर्ड दणाणून सोडत. आईही वाचली. इंद्रभान पोचला तेव्हा सुंदरबाई नातीला घेऊन बसावं तशी त्या तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती.

ती परत आली ती रेल्वेनं. थांब्यावर अख्खा तांडा जमला होता. नगारा वाजत होता, बायका थाळ्या बडवत होत्या. रतनसिंगनं विचारलं, "भेव वाटलं का?"

"वाटलं ना. मंग खाली पाह्यलं. आपली लाईन दिसली. एवढीशी, पन काय सरळ दिसून राह्यली होती! म्हनलं, ही माह्या नवऱ्यानं ठोकली."

मारोतराव सजवलेली बैलगाडी घेऊन उभे होते. "बस बाई. तांड्यावर सोडून देतो."

"बसतो," ती म्हणाली, "पन कासरा माह्या हातात पाहिजे."

मारोतराव हसले आणि त्यांनी कासरा दिला.

पुढं रेल्वेचे एक साहेब थांब्यावर आले. त्यांनी सुंदरबाईला बोलावलं. तिची मोठी वाहवा केली आणि विचारलं, तुम्हाला काय बक्षीस हवं? लोकांना वाटलं, लुगडं मागेल, नवऱ्याला बढती मागेल.

"फलाट द्या साहेब," सुंदरबाई म्हणाली. "त्या पोरीले उतरवलं तवा तिचा जीव चाललाच होता. बाईमानसानं, म्हाताऱ्यानं उड्या माराव्या का?"

साहेबांनी आपल्या डब्याच्या उंच पायरीपासून खालच्या खडीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग "होईल" म्हणाले.

आणि झाला. थंडीत काम निघालं. दगड आले, मुरूम आला. तांड्यातल्या बायका आणि धामणदरीचे गाडीवान एकाच कामावर होते. मारोतरावांच्या गाड्या मुरूम ओतायच्या, सुंदरबाईच्या बायका गाणं म्हणत तो जड लाकडी धुमसानं ठोकायच्या.

संक्रांतीच्या सुमाराला त्या फलाटाला पहिली गाडी लागली. तांड्यातली म्हातारी कमलीबाई लेकीकडून परतत होती. गुडघे गेलेले; दर वेळी तिला दोघांनी धरून खाली घ्यावं लागायचं. ती सवयीनं दारात थांबली आणि कोणी हात द्यायला येतंय का ते पाहू लागली. मग तिचं लक्ष खाली गेलं. तिनं एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि उभी राहिली. काठी फलाटावर दोनदा आपटून पाहिली.

"पक्का हाय व!" ती ओरडली, आणि गाडीतली माणसंसुद्धा टाळ्या वाजवू लागली.