एकाच डोळ्याला दिसलेला देव

मला देव कधी दिसलाच नाही, हे माझं तेव्हाचं सर्वांत मोठं दुःख होतं. आमच्या सिंदी रेल्वे गावच्या भजनी मंडळात जपाला बसलं की कुणाला मोगऱ्याचा वास यायचा, कुणाच्या कानात घंटा वाजायची, आणि लीलाकाकूंच्या तर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. मला काय मिळायचं? पायाला मुंग्या! हातात माळ फिरते आहे आणि मन कापसाच्या भावापासून भिजत घातलेल्या डाळीपर्यंत सगळीकडे हिंडून येतं आहे. वर्षानुवर्षं हेच. शेवटी शेवटी मला शंका यायला लागली, की तिकडे ऐकणारं कुणी आहे तरी का. आणि असलंच, तर माझं तोंड बघून त्याने दार लावून घेतलं असेल.

मग एका सकाळी चमकलं! डोळे मिटून बसले होते आणि उजव्या बाजूला, अगदी कडेला, विजेची बारीक रेघ सर्रकन जावी तसा उजेड. मान वळवली, पुन्हा चमकलं. मी माळ खाली ठेवून ओरडलेच, "आला! आला!" आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला निघाले होते, त्यांना वाटलं दूधवाला आला. मी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडची, शहाणी म्हणवणारी बाई. शाळेपासून डोळ्यांवर सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा. पण अशा डोळ्यांनी असं का चमकावं, हा प्रश्न डोक्याच्या जवळपासही फिरकला नाही. पुढच्या दिवसांत उजेडासोबत काळे ठिपकेही आले, कोळ्याचं जाळं तरंगावं तसे. त्यातला एक थोडा वाकडा होता. मी त्यात ओंकार शोधून काढला. शोधला म्हणजे काय, खेचून काढला! डोळे चोळायचे, गुलाबपाणी घालायचे, देवापुढचं तीर्थ बोटाने पापण्यांना लावायचे आणि ठिपके वाढले की म्हणायचे, कृपा वाढली.

मंडळात माझा भाव एकदम वर गेला. लीलाकाकूंनी त्यांची पुढची जागा मला दिली. एकीने तर सुनेला माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी, काय सांगू, आशीर्वादही दिला. घरात मात्र कुणी भाव देत नव्हतं. हे जेवताना दातांखाली आलेला खडा ताटाच्या कडेला ठेवून म्हणाले, "तुले देव दिसते, अन् तांदळातला खडा दिसत नाई?" आमची वैशाली कॉलेजात होती. तिलाही माझ्यासारखाच चष्मा, आणि लेझरने चष्मा जातो हे तिने कुठूनसं ऐकलेलं. नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिने तपासणीची वेळ घेतली होती. मला म्हणाली, "आई, तूही चल न, दाखवून घे." मी म्हटलं, "मले काय दाखवायचं? मलेच दिसून राह्यलं सारं!"

तिच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आमचं मंडळ केळझरच्या गणपतीला गेलं. दर्शन झाल्यावर आम्ही टेकडीवर सावलीत बसलो आणि मी माझ्या उजेडाची कथा लावली. शेजारी काळा चष्मा घातलेले एक म्हातारे प्रसाद खात बसले होते. ओळख ना पाळख, मध्येच म्हणाले, "बाई, कोन्त्या डोयाले दिसते?"

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "डोळ्याचा काय संबंध बाबाजी? डोळे मिटले तरी दिसतो."

"मलेबी दिसे डोये मिटून. मीबी हात जोडो त्याले." त्यांनी काळा चष्मा वर केला. एक डोळा विझलेला होता. "मंग एका बाजूनं पडदा आला खाली, अन् संपलं. एक एक डोया झाकून पाहा बरं. देव असन तर दोन्ही डोयाले दिसन न? एकाच डोयाले काऊन दिसते?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी उजवा डोळा तळव्याने झाकला, मान हलवली. काही नाही. डावा झाकला. लख्ख चमकलं! आणि त्याच क्षणी मिरपूड उधळावी तसे काळे कण त्या डोळ्यासमोर उडाले. लीलाकाकू पुटपुटल्या, "काई नाई, परीक्षा पाहून राह्यला तो." म्हातारे मला एवढंच म्हणाले, "उद्यावर टाकजो नको, माय." प्रसादाचा हात धुवायला म्हणून ते उठले. ते आंजी गावचे होते एवढंच त्यांच्या बोलण्यात आलं. नाव विचारायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही, आणि नंतर कितीदा तिथे गेले तरी ते भेटले नाहीत.

घरी येऊन मी वैशालीला म्हटलं, "उद्या मीही येते." तिला वाटलं मी तिच्यावर पहारा ठेवायला येते आहे. सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला गेलो. दवाखान्यात दोघींच्याही डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरचं सगळं धुक्यात गेलं. वैशालीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझा नंबर अजून वाढतो आहे. तो स्थिर झाल्यावर ये, तेव्हा बघू. मग माझ्या उजव्या डोळ्यात त्यांनी प्रखर दिवा मारला. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच. डॉक्टर एकच जागा दुसऱ्यांदा बघायला लागला की काय होतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

"चमकत होतं का डोळ्यात?"

"चमकत नव्हतं," मी म्हटलं, "दर्शन होत होतं." वैशालीने तोंडाला ओढणी लावली.

बाईंनी समजावून सांगितलं. जाड नंबराच्या डोळ्यात मागचा पडदा ताणला जातो; माझा एका कडेला फाटला होता. अजून जागेवरून सुटला नव्हता, पण सुटला असता तर मोठं ऑपरेशन, आणि तरीही नजर येईलच याचा भरवसा नाही. आजच लेझर मारून कड पक्की करू, म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे माझा चष्मा जाणार?" त्या म्हणाल्या, "चष्मा जाणार नाही. डोळा जाणार नाही."

यंत्रासमोर बसवलं. हनुवटी एका वाटीत, कपाळ एका पट्टीवर टेकलेलं, डोळ्यावर भिंग. "मी सांगते तिकडे बघा आणि अजिबात हलू नका." मग हिरवा उजेड! टप्, टप्, टप्. मधूनच आत खोल कळ जायची. कपाळ टेकवून इतकी वर्षं मी देवळांत काय केलं होतं? डोकं खाली आणि मागण्या वर. इथे पहिल्यांदा कपाळ टेकलं आणि मन कुठेच गेलं नाही. ना डाळ, ना कापूस, ना लीलाकाकूंची जागा. कुणीतरी सांगावं तिकडे बघायचं, बस्स. मनात एकच वाक्य उठलं, "देवा, तुला दिसायचं नसेल तर नको दिसू, पण तू केलेलं हे सारं मला दिसू दे." आणि मग तेही शांत झालं. हालचाल फक्त श्वासाची. तेवढी निश्चिंत मी पुन्हा फार क्वचित झाले.

पुढे काही दिवसांत चमकणं थांबलं. एकदोन ठिपके राहिले, ते आजही आहेत. आता मी त्यांत ओंकार शोधत नाही. वैशालीचा नंबर दोन-तीन वर्षांनी स्थिर झाला आणि लेझरने तिचा चष्मा गेला. पहिल्या सकाळी उठून ती सवयीने उशीखाली चष्मा चाचपत होती आणि आम्ही सगळे हसत होतो. मी अजूनही बाटलीच्या बुडातूनच जग बघते आणि वर्षातून एकदा पडदा तपासून घेते. बायांनो, डोळ्यापुढे एकाएकी चमकायला लागलं, काळं उडायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. देव थांबतो. पडदा थांबत नाही.

ते म्हातारे कोण होते, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ज्याला मी डोळे मिटून शोधत होते, त्याने माझे डोळे उघडे ठेवण्याची सोय केली, एवढं मला पुरतं. शरण जाणं म्हणजे काही दिसणं नव्हे. जिकडे बघ म्हटलं तिकडे बघणं आणि मध्ये न हलणं, एवढंच मी शिकले, आणि तेही रोज विसरते.

मंडळात जाऊन सगळं खरं सांगितलं तेव्हा लीलाकाकूंचा चेहरा पडला. "म्हंजे आता तुले काईच दिसत नाई?"

मी चष्मा पुसला, नीट घातला आणि त्यांच्याकडे बघितलं. कपाळावरचं कुंकू थोडं फिसकटलेलं, डोळे माझ्यासाठी पाणावलेले.

"दिसते न काकू," मी म्हटलं. "तुम्ही दिसून राह्यल्या."